ओकलंड ॲथलेटिक्स: प्रेक्षक फिरकत नव्हते म्हणून संघ गेला, हे मला मान्य नाही

पूर्वखाडीकर

नमस्कार मंडळी,

क्रीडा विभागातल्या दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी जाता जाता लिहून गेलं, की ओकलंडचा बेसबॉल संघ गेला कारण तिथे सामना बघायला काळं कुत्रंही जात नव्हतं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी ॲथलेटिक्सचा, म्हणजे ए'जचा, कट्टर चाहता आहे. फ्रीमाँटला राहायला आल्यापासून उन्हाळ्यातल्या संध्याकाळी बार्टने, म्हणजे लोकल रेल्वेने, कोलिझियमला, संघाच्या स्टेडियमला, जायचं, हे आमच्या घरी ठरलेलंच असे. ते वाक्य मला फार झोंबलं, आणि ते खरंही नाही.

बेसबॉलशी ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. हा संघ १९०१ साली फिलाडेल्फियात सुरू झाला, १९५५ ला कॅन्सस सिटीला गेला आणि १९६८ ला ओकलंडला आला. ओकलंडमध्ये ५७ मोसम खेळला आणि २०२४ नंतर तिथून निघाला (सध्या सॅक्रामेंटोजवळ, पुढे लास व्हेगास). ओकलंडमध्ये असताना तो चार वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाअखेरची अजिंक्यपदाची मालिका, जिंकला: १९७२, १९७३, १९७४ आणि १९८९. सलग तीन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकणं न्यूयॉर्कचे यांकीज सोडले तर आजवर फक्त ए'जला जमलं आहे. रेजी जॅक्सन, कॅटफिश हंटर, व्हिडा ब्लू, रॉली फिंगर्स असे लोक त्या संघात होते. हिरवा-सोनेरी गणवेश, पांढरे बूट आणि भरघोस मिशा. मिशा वाढवल्याबद्दल मालक चार्ली फिनली प्रत्येक खेळाडूला ३०० डॉलर देत असे.

आता गर्दीबद्दल. त्याच फिनलीने पुढे त्या सोन्यासारख्या संघाचं विसर्जन केलं. खेळाडू विकायला काढले, गेले त्यांच्या जागी कोणी आणले नाहीत. १९७९ च्या पूर्ण मोसमात मिळून जेमतेम तीन लाख माणसं आली. त्या एप्रिलमधल्या एका सामन्याला तर फक्त ६५३. "शहरात दम नाही" हे तेव्हाही म्हटलं गेलं होतं.

मग १९८० साली जीन्सवाल्या लीव्हाय स्ट्रॉसच्या घराण्यातल्या वॉल्टर हास यांनी संघ विकत घेतला. शहरात दुसरा मालक आला, बाकी शहर तेच, स्टेडियम तेच, लोकही तेच. १९८२ मध्ये १७ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. आणि १९८२ चा संघ चांगला होता असंही नाही! ९४ सामने हरला होता. तरीही लोक आले, कारण त्या वर्षी आमचा रिकी हेंडरसन एका मोसमात १३० बेस चोरत होता (म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसवर धावून पोचत होता) आणि मालक आपल्याला फसवणार नाही अशी लोकांची खात्री होती. १९९० पर्यंत हा आकडा २९ लाखांवर गेला. २९ लाख! ज्या शहरात म्हणे कोणी बेसबॉल बघत नाही.

हास यांच्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. तो माणूस संघाला गावाची ठेव समजायचा. पैसा कमावण्यासाठी त्याला बेसबॉलची गरज नव्हती. १९८९ ची वर्ल्ड सिरीज ए'ज आणि खाडीपलीकडचे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स यांच्यात होती. १७ ऑक्टोबरला संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी, तिसरा सामना सुरू होण्याच्या जरा आधी, ६.९ रिश्टरचा भूकंप झाला. ओकलंडमधला सायप्रस नावाचा दुमजली महामार्ग कोसळला आणि तिथे ४२ माणसं गेली. डेव्ह स्ट्युअर्ट हा ए'जचा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, ओकलंडमध्येच वाढलेला. तो त्या ढिगाऱ्यापाशी जाऊन बचाव पथकातल्या लोकांना भेटत होता. दहा दिवसांनी मालिका पुन्हा सुरू झाली. स्ट्युअर्टने तिसरा सामना जिंकून दिला, ए'जनी ४-० अशी मालिका घेतली आणि स्ट्युअर्ट मालिकावीर ठरला. ड्रेसिंग रूममध्ये शॅम्पेन उडवायची नाही असं संघाने ठरवलं, कारण गावात सुतक होतं. संघ आणि गाव यांचं नातं म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कशाने समजावता येणार नाही.

१९९५ मध्ये हास वारले आणि त्याच सुमारास संघ विकला गेला. त्यानंतरच्या मालकांनी पगारावरचा खर्च आखडता घेतला. २००५ मध्ये शेवटच्या मालकगटाने १८ कोटी डॉलरला संघ घेतला आणि तेव्हापासून रडगाणं एकच: नवीन स्टेडियम द्या, नाहीतर जातो. तरीही २०१४ मध्ये २० लाख लोक आले होते. २०१८ आणि २०१९ मध्ये संघाने ९७-९७ सामने जिंकले. २०२१ नंतर मात्र मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, ख्रिस बॅसिट, शॉन मनाया, फ्रँकी मोंटास, शॉन मर्फी असे एकामागून एक खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले आणि वर तिकिटांचे दरही वाढवले. २०२२ मध्ये १०२ पराभव, २०२३ मध्ये ११२. मग कोलिझियमच्या रिकाम्या खुर्च्यांचे फोटो सगळीकडे फिरायला लागले आणि "बघा, कोणी येत नाही" सुरू झालं. दुकानातला माल काढून घ्यायचा, भाव वाढवायचे आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून गावाच्या नावाने बोटं मोडायची, असा हा प्रकार होता.

१३ जून २०२३ हा दिवस मात्र कोणी विसरू नये. त्या मोसमात अनेकदा पाच-सहा हजारच लोक असायचे. चाहत्यांनी ठरवलं की बहिष्काराच्या उलट करायचं, एका मंगळवारी सगळ्यांनी यायचं. २७,७५९ लोक आले. हिरव्या टी-शर्टांवर एकच शब्द, "सेल", म्हणजे मालका, संघ विकून टाक. पाचव्या इनिंगमध्ये (बेसबॉलच्या सामन्यात अशा नऊ असतात) पहिल्या बॅटरच्या वेळी सगळं स्टेडियम चिडीचूप, आणि त्यानंतर एकमुखाने "सेल द टीम". टॅम्पा बे रेज हा तेव्हा लीगमधला अव्वल संघ होता. ए'जनी त्यांना २-१ ने हरवलं आणि तो सलग सातवा विजय होता. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा मंजूर केला.

२६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. टेक्सास रेंजर्सविरुद्ध ३-२ असा विजय. ४६,८८९ प्रेक्षक.

कोणी जात नव्हतं म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा नीट बघावेत.

---

नुसताच_वाचक

धाग्यासाठी धन्यवाद, मनापासून लिहिलंय. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण एक शंका. मालकाच्या मनात आलं म्हणून गावाचा संघ उचलून दुसऱ्या राज्यात नेता येतो? आपल्याकडे रणजीचा मुंबईचा संघ कोणी विकत घेऊन नागपूरला नेला, अशी कल्पनाही करवत नाही.

---

पूर्वखाडीकर

@नुसताच_वाचक, चांगला प्रश्न आहे. इथे संघ ही खासगी मालमत्ता. बाकीच्या मालकांची मान्यता मात्र लागते, ३० संघांपैकी तीन चतुर्थांश मतं हवीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ए'जच्या स्थलांतराला ३०-० अशी एकमुखी मंजुरी मिळाली. एकाही मालकाला हरकत घ्यावीशी वाटली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

यामागे कायद्याचीही एक बाजू आहे. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती सवलत मोठ्या प्रमाणावर टिकून आहे. म्हणजे कोणत्या शहरात किती संघ असावेत, हे मूठभर मालक आपसांत ठरवतात. गावाला आपला संघ गेला तर दुसरा आणायचीही सोय नाही.

---

जायंट्सवाला

मी पलीकडच्या काठावरचा, त्यामुळे माझ्या बोलण्याला तेवढी सूट द्या.

तुमच्या मूळ मुद्द्याशी सहमत, आणि त्याला पुरावा आमच्याकडचाच आहे. १९९२ मध्ये जायंट्स जवळपास फ्लोरिडाला गेले होते. सौदा ठरला होता. आमच्या जुन्या कॅन्डलस्टिक पार्क स्टेडियममध्ये बोचरा वारा, थंडी आणि रिकाम्या खुर्च्या. तेव्हा आमच्याबद्दलही हेच म्हणायचे, की सॅन फ्रान्सिस्कोला बेसबॉल नको आहे. नॅशनल लीगच्या मालकांनी तो सौदा फेटाळला, स्थानिक लोकांनी एकत्र येऊन संघ घेतला, २००० साली पाण्याकाठी नवीन पार्क झालं आणि पुढे २०१०, २०१२, २०१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज आल्या. लोक बदलले नव्हते, हे मीही सांगेन.

पण ओकलंडच्या नगरपालिकेला तुम्ही अगदीच मोकळं सोडलंत. कोलिझियम १९६६ चं. २०१३ मध्ये तर ड्रेनेजचं पाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं होतं. रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाला परत आणण्यासाठी १९९६ मध्ये मैदानाच्या मागे तो काँक्रीटचा डोंगर उभा केला, 'माउंट डेव्हिस', आणि ओकलंडच्या टेकड्यांचं सुंदर दृश्य कायमचं झाकून टाकलं. ते काम सरकारी पैशातूनच झालं. शेवटी बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ ला गेले, रेडर्स २०२० ला गेले. तिन्ही संघ पाच-सहा वर्षांत गेले तर शहराचं काहीच चुकलं नाही असं कसं म्हणणार?

---

पूर्वखाडीकर

@जायंट्सवाला, माउंट डेव्हिसबद्दल शंभर टक्के सहमत. बेसबॉलचं एक देखणं मैदान फुटबॉलसाठी विद्रूप केलं आणि फुटबॉल संघही राहिला नाही. त्या निर्णयाचं कर्ज शहर आणि काउंटी कितीतरी वर्षं फेडत होते.

पण त्यातूनच शहर शिकलं. हॉवर्ड टर्मिनलच्या, म्हणजे बंदराकाठच्या नव्या स्टेडियमच्या प्रस्तावाच्या, वेळी ओकलंडने आंधळेपणाने पैसा ओतायला नकार दिला, आणि तो बरोबरच होता. रस्ते, पूल, रेल्वेवरची ओलांडणी यांसाठी अनुदानं मिळवली, पर्यावरणाच्या मंजुऱ्या घेतल्या, कोर्टकज्जे जिंकले. बोलणी चालू असतानाच एप्रिल २०२३ मध्ये संघाने लास व्हेगासमध्ये जमीन घेत असल्याचं जाहीर केलं. याला मी शहराचा नाकर्तेपणा म्हणणार नाही.

आणि तुमच्या संघाबद्दल एक गोष्ट, रागाने नाही पण आठवण म्हणून. १९९० च्या सुमारास जायंट्सना सॅन होजेच्या बाजूला स्टेडियम बांधायचं होतं. तो भाग दोन्ही संघांचा सामाईक होता. हास यांनी एक पैसाही न घेता सांता क्लारा काउंटीवरचा हक्क जायंट्सना दिला. तिथल्या मतदारांनी स्टेडियमचे प्रस्ताव फेटाळले, जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोतच राहिले, हक्क मात्र परत केला नाही. पुढे ए'जना सॅन होजेला जायचं होतं तेव्हा त्याच हक्कावर बोट ठेवून जायंट्सनी वाट अडवली. सॅन होजे शहर २०१३ मध्ये कोर्टात गेलं, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. हास यांचा शेजारधर्म कोणी पाळला असता तर संघ आज खाडीच्या याच बाजूला असता.

---

जायंट्सवाला

हे मान्य. जायंट्सचा चाहता म्हणून ते प्रकरण मला कधीच पटलं नाही. खाडीच्या दोन काठांवर दोन संघ असण्यात जी मजा होती ती आता आमचीही गेली.

---

आकडेमोड

२००२ बद्दल अजून कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. पुण्यात असताना मी संख्याशास्त्र शिकत होतो आणि याच संघामुळे बेसबॉलकडे वळलो.

त्या वर्षी ए'जचा पगारखर्च सुमारे ४ कोटी डॉलर, यांकीजचा साडेबारा कोटींच्या आसपास. मोसमाअखेर दोघांचेही विजय १०३. आदल्या वर्षीचे जेसन जियाम्बी, जॉनी डेमन, इसरिंगहाउझन हे तिघे जास्त पैसे देणाऱ्या संघांकडे गेलेले. संघाचा व्यवस्थापक बिली बीन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला: बाजारात ज्या गुणाला किंमत नाही पण ज्याने सामने जिंकता येतात, असा गुण कोणता? उत्तर निघालं, बेसवर पोचण्याचं प्रमाण. फटका मारून पोचा किंवा वाईट चेंडू सोडून चार 'बॉल' मिळवून पोचा, बाद न होणं महत्त्वाचं. क्रिकेटवाल्यांना हे पटकन समजेल, ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू शांतपणे सोडणारा सलामीवीर आपण पाहिलेला असतो.

स्कॉट हॅटेबर्ग हा कॅचर, म्हणजे साधारण यष्टिरक्षक, होता, कोपराच्या दुखापतीमुळे त्याला चेंडू नीट फेकता येईना. ए'जनी त्याला घेतलं आणि पहिल्या बेसवर उभं केलं. ४ सप्टेंबर २००२, बुधवार. सलग १९ विजय झालेले. कॅन्सस सिटीविरुद्ध तीन इनिंगमध्येच ११-० आघाडी, आणि मग ती आघाडी वितळत वितळत नवव्या इनिंगमध्ये ११-११. शेवटी बदली बॅटर म्हणून हॅटेबर्ग आला आणि त्याने होम रन, म्हणजे आपला षटकारच, मारला. सलग विसावा विजय, अमेरिकन लीगचा तेव्हाचा विक्रम. २०१७ मध्ये क्लीव्हलंडने २२ जिंकून तो मोडला.

आणि धाग्याच्या विषयाशी जोडून सांगतो: त्या बुधवारी कोलिझियममध्ये ५५,५२८ लोक होते.

---

पूर्वखाडीकर

५५,५२८ आणि तेही बुधवारी! @आकडेमोड, हे मूळ लेखात असायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

माझं एक मत मात्र नोंदवतो. त्या यशाचं जगभर कौतुक झालं, पण त्यातून मालकांना एक सोयीचा बहाणाही मिळाला. "हुशारी असली की पैसा लागत नाही." २००० ते २००३ अशी सलग चार वर्षं ए'ज मोसमानंतरच्या बादफेऱ्यांच्या पहिल्याच फेरीत, पाचव्या निर्णायक सामन्यात हरले. २०१२ आणि २०१३ मध्ये डेट्रॉइटकडून पुन्हा तसंच. २०१४ मध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध १२ इनिंगपर्यंत लढून ९-८ असे हरले. त्या संघांना जुलैमध्ये आणखी एक-दोन दमदार खेळाडू मिळाले असते आणि ते टिकवले असते, तर पाचवी वर्ल्ड सिरीज ओकलंडला नक्की आली असती. हुशारी गरीब संघाला दारापर्यंत नेते, आत जायला पैसा लागतोच.

---

अमेरिकन_रिव्हर

मी सॅक्रामेंटोजवळ राहते. वाचताना सारखं वाटत होतं, लिहू की नको.

ए'ज २०२५ पासून आमच्याकडे वेस्ट सॅक्रामेंटोत खेळताहेत. छोटं मैदान, १४ हजारांच्या आसपास जागा, जुलैमध्ये दुपारी उन्हाची काहिली. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. पहिल्यांदाच घराजवळ मोठ्या लीगचा बेसबॉल, तो वेडा झालाय. निक कर्ट्झने जुलै २०२५ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध एका सामन्यात चार होम रन मारले, तो दिवस आमच्या घरी दिवाळी होती. पुढे तो वर्षातला सर्वोत्तम नवोदितही ठरला. जेकब विल्सन दुसऱ्या क्रमांकावर. संघ खरंच छान घडतोय.

ओकलंडचं दुःख मला कळतं. पण मुलाला काय सांगू? या संघावर प्रेम करू नकोस?

---

पूर्वखाडीकर

ताई, अजिबात तसं सांगू नका. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

मुलाने मनसोक्त प्रेम करावं. कर्ट्झ आणि विल्सनची काय चूक? मीही त्यांचे आकडे बघतो, मला राहवत नाही. माझा राग ज्यांनी सौदा केला त्यांच्यावर आहे, सॅक्रामेंटोच्या लोकांवर मुळीच नाही. उलट तुमचाही अपमानच झाला आहे असं मला वाटतं. संघ तुमच्या गावात खेळतो पण गावाचं नाव लावत नाही, नुसतं 'ॲथलेटिक्स'. तीन वर्षांची धर्मशाळा. २०२८ ला लास व्हेगास, असं म्हणतात.

एवढंच करा, त्याला रिकी हेंडरसनबद्दल सांगा.

---

कसबा_पेठ

लेख आवडला, पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. हा संघ आधी फिलाडेल्फियाचा, मग कॅन्सस सिटीचा. कॉनी मॅक या प्रशिक्षकाने फिलाडेल्फियात पन्नास वर्षं संघ सांभाळला. म्हणजे ओकलंडलाही तो दुसऱ्याच्या घरातूनच मिळाला. मग "आमचा संघ" म्हणण्याचा हक्क ओकलंडलाच का?

---

पूर्वखाडीकर

@कसबा_पेठ, राग कसला, हा प्रश्न मलाही छळतो.

फिलाडेल्फियाकडे फिलीज हा दुसरा बेसबॉल संघ होता आणि आहे. कॅन्सस सिटीतून ए'ज गेले तेव्हा मिसूरीचे सिनेटर सायमिंग्टन यांनी बेसबॉलची ती १९२२ ची सवलत काढून घेण्याची धमकी दिली, आणि पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, त्या गावाला रॉयल्स हा नवा संघ मिळाला. म्हणजे जखम झाली पण औषधही मिळालं. ओकलंडला कोणी काहीच देऊ केलेलं नाही. लीगचा विस्तार व्हायचा तेव्हा होईल, त्यात ओकलंडचं नाव अजून कोणी मोठ्याने घेत नाही.

१९९६ मध्ये फुटबॉलमध्ये क्लीव्हलंडचा संघ बाल्टिमोरला गेला, तेव्हा नाव, रंग आणि विक्रम क्लीव्हलंडनेच राखले आणि तीन वर्षांत त्याच नावाचा संघ परत उभा राहिला. तसं इथे व्हायला हवं होतं. हिरवा-सोनेरी रंग, 'ए'ज' हे नाव आणि चार वर्ल्ड सिरीज ओकलंडकडे ठेवायला हव्या होत्या. ५७ वर्षं पोरांना घेऊन लोक उजव्या कोपऱ्यातल्या बाकांवर ढोल वाजवत होते. हक्क त्यातून येतो असं मी मानतो.

---

दुसरी_पिढी

मी इथेच जन्मलो, मराठी आईने घरी शिकवलं, चुका असतील तर सांभाळून घ्या.

रिकीचा विषय निघाला म्हणून लिहितोय. रिकी ओकलंड टेक हायस्कूलचा. १ मे १९९१ ला त्याने ९३९ वा बेस चोरला आणि लू ब्रॉकचा विक्रम मोडला. तिसरा बेस उपटून डोक्यावर धरलेला तो फोटो ओकलंडमध्ये घराघरात आहे. तिथे न थांबता तो १,४०६ पर्यंत गेला. दुसऱ्या क्रमांकावर अजूनही ब्रॉकच, ९३८. एवढं अंतर कुठल्या खेळात बघायला मिळतं? सगळ्यात जास्त धावाही त्याच्याच, २,२९५.

ओकलंडमधल्या शेवटच्या सामन्यात रिकी आणि डेव्ह स्ट्युअर्ट यांनी पहिले मानाचे चेंडू टाकले. दोघेही ओकलंडचे. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत आणि २० डिसेंबर २०२४ ला रिकी गेला.

माझ्या आईचा आवडता दिवस वेगळा आहे. ९ मे २०१०, मदर्स डे. डॅलस ब्रेडनने टॅम्पा बेविरुद्ध परफेक्ट गेम टाकला, २७ बॅटर आले आणि २७ बाद. त्याची आई तो शाळेत असतानाच कर्करोगाने गेली होती. सामना संपल्यावर त्याने मैदानावर आजीला मिठी मारली. आईला नियम तेव्हाही नीट माहीत नव्हते, पण तेव्हापासून ती ए'जचीच आहे.

---

नुसताच_वाचक

धागा वाचून आज यूट्यूबवर हॅटेबर्गचा होम रन बघितला. अंगावर काटा आला. आता पुढे काय बघू? आणि तुम्ही स्वतः हल्ली कोणाचे सामने बघता?

---

पूर्वखाडीकर

@नुसताच_वाचक, १३ जून २०२३ ची पाचवी इनिंग बघा, आवाज मोठा ठेवून. मग १९८९ चा तिसरा सामना. मग रिकीचं १९८२, जेवढं मिळेल तेवढं.

मी हल्ली ओकलंड बॉलर्सचे सामने बघतो. २०२४ मध्ये सुरू झालेला संघ, पायोनियर लीगमध्ये खेळतो, म्हणजे मोठ्या लीगपासून खूप खाली. वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कमध्ये चाहत्यांनी आणि संस्थापकांनी मिळून मैदान उभं केलं. सामान्य चाहत्यांना त्यात समभाग घेता आले, म्हणजे मालकांच्या यादीत चाहतेही आहेत. दुसऱ्याच मोसमात, २०२५ मध्ये, लीगचं विजेतेपद मिळवलं. ढोलही तिथे आले आहेत.

@अमेरिकन_रिव्हर ताई, मुलाला घेऊन एकदा जरूर या, सॅक्रामेंटोहून आगगाडीनेही येता येतं. @जायंट्सवाला, तुम्हीही या. नवीन मोसमाचं वेळापत्रक आलं की इथेच टाकतो, ज्यांना यायचं असेल त्यांनी व्यनि करा, तिकिटं एकत्र काढू.